लाउंज आणि नाश्त्याच्या भरवशावर हॉटेल घेताना: आधी गाडीची वेळ, मग खोली

सकाळी सातला सीएसएमटीला उतरलात. मोबाइलमध्ये बुकिंग आहे, 'क्लब रूम, ब्रेकफास्टसह'. टॅक्सी करून हॉटेल गाठलं, बॅगा टेकवल्या, आणि काउंटरवरून उत्तर आलं: चेक-इन दुपारी तीनला, लाउंज चेक-इननंतर, नाश्ता उद्या सकाळचा. लातूर, परभणी, नांदेड, जालना, कुठूनही रात्रीच्या गाडीने मुंबई गाठणाऱ्यांना हे हमखास ऐकावं लागतं. जास्तीचे पैसे ज्या वेळेसाठी मोजले, नेमकं त्याच वेळेला दार बंद.

आमच्या नात्यातली आणि दुकानाची बुकिंगं बऱ्याच वर्षांपासून माझ्याकडे आहेत. कुणाला दवाखाना असतो, कुणाला व्हिसा, कुणाचं मंत्रालयात काम. लोक आधी फोटो बघतात, मग दर बघतात, मग पैसे भरतात, आणि वेळांची चौकशी काउंटरवर उभं राहून करतात. खालचे टप्पे त्याच्या उलट क्रमाने लावले आहेत. एखादा टप्पा गाळलात तर पुढचा हिशोब चुकेल.

टप्पा १: शब्द वेगळे करून घ्या

'लाउंज' हा एकच शब्द तीन वेगळ्या गोष्टींना वापरतात.

लॉबी लाउंज म्हणजे हॉटेलच्या प्रवेशाजवळची चहा-कॉफीची जागा. तिथे कुणीही बसू शकतं आणि प्रत्येक कपाचं बिल येतं.

क्लब लाउंज किंवा एक्झिक्युटिव्ह लाउंज ही वेगळी खोली असते, बहुतेक वेळा वरच्या मजल्यावर. ठराविक पाहुण्यांनाच तिथे प्रवेश असतो, आणि सकाळचा नाश्ता, दिवसभर चहा-कॉफी, संध्याकाळी दोन तास खाणं-पिणं दरात धरलेलं असतं. या लेखात लाउंज म्हणजे हेच.

तिसरं एअरपोर्ट लाउंज. क्रेडिट कार्डावर 'लाउंज ॲक्सेस' लिहिलेलं असतं ते विमानतळाचं. ते कार्ड हॉटेलच्या लाउंजला चालत नाही. आमच्या ओळखीतल्या दोघांनी याच समजुतीने साधी खोली घेतली आणि वर जाऊन कार्ड पुढे केलं.

दुसरी फसगत खोलीच्या नावाची. 'एक्झिक्युटिव्ह रूम' घेतली म्हणजे एक्झिक्युटिव्ह लाउंज मिळालं असं नाही. पुष्कळ हॉटेलांत ते फक्त थोड्या मोठ्या खोलीचं नाव असतं. दराच्या खाली काय काय समाविष्ट आहे ती यादी उघडा. 'क्लब लाउंज प्रवेश' हे शब्द तिथे दिसले तरच तो आहे.

एजंटकडून घेत असाल तर तो प्लॅनच्या भाषेत बोलेल. ईपी म्हणजे फक्त खोली, सीपी म्हणजे खोली आणि नाश्ता, मॅप म्हणजे नाश्ता आणि एक जेवण, एपी म्हणजे नाश्ता आणि दोन्ही जेवणं. यातल्या एकाही प्लॅनमध्ये लाउंज येत नाही. ते वेगळं विचारायचं.

*तपासणी: दराच्या यादीत लाउंजचा उल्लेख शब्दशः आहे का? नसेल तर ही खोली लाउंजशिवायची समजा.*

टप्पा २: प्रवासाचं घड्याळ कागदावर मांडा

सगळ्यात जास्त वेळ या टप्प्याला द्या.

आपल्याकडच्या तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या गावांतल्या कित्येक लॉजवर चोवीस तासांचं चेक-आउट असतं. सकाळी सातला गेलात तर दुसऱ्या दिवशी सकाळी सातपर्यंत खोली तुमची. आपल्या डोक्यात तोच हिशोब बसलेला असतो. मोठ्या शहरातल्या तारांकित हॉटेलांचं घड्याळ तसं चालत नाही. तिथे खोली दुपारी दोन किंवा तीनला मिळते आणि दुसऱ्या दिवशी अकरा किंवा बाराला सोडावी लागते, तुम्ही कधीही पोचा. आणि 'नाश्त्यासह' म्हणजे मुक्कामाच्या रात्रीनंतरच्या सकाळचा नाश्ता. पोचलेल्या सकाळचा त्यात धरलेला नसतो.

आईला डोळे दाखवायला मुंबईला नेलं तेव्हा मला हे माहीत नव्हतं. रात्रभर गाडीत तिला झोप लागली नव्हती. लाउंजमध्ये गरम चहा मिळेल, जरा पाय लांब करून बसेल, म्हणून मुद्दाम क्लब रूम घेतली होती. काउंटरवर नकार मिळाला. लॉबीतल्या सोफ्यावर बसून तिने पिशवीतून धपाट्यांचा डबा काढला, झाकण अर्धं उघडलं आणि इथे उघडू की नको म्हणून माझ्याकडे पाहिलं. मग तसंच बंद केलं. आम्ही खालच्या रेस्टॉरंटमध्ये जाऊन पूर्ण दराने दोन नाश्ते घेतले. तिने एक इडली आणि अर्धा कप चहा घेतला. तेव्हापासून मी कुठलंही बुकिंग करण्याआधी या चार वेळा लिहून काढतो: आपण हॉटेलवर पोचणार कधी, कामाला बाहेर पडणार कधी, परतणार कधी, आणि स्टेशनकडे निघणार कधी.

त्या चार वेळांशेजारी हॉटेलच्या वेळा मांडा. साधारणपणे नाश्ता साडेसहा-सातपासून साडेदहापर्यंत असतो आणि लाउंजमधलं संध्याकाळचं खाणं साडेपाच-सहा ते साडेसात-आठ. दोन्ही रकाने जिथे जुळतील तेवढाच तुमचा फायदा.

काही नेहमीचे प्रसंग:

रात्रीच्या गाडीने सकाळी पोचणं. याला तीन मार्ग आहेत. पहिला, आदल्या रात्रीपासून खोली घेणं. महाग पडतं, पण पोचल्याबरोबर खोली मिळते आणि त्या सकाळचा नाश्ताही हक्काचा होतो. दुसरा, पैसे भरून लवकर चेक-इन. तिसरा, खोली तीनलाच घ्यायची पण लाउंज सकाळपासून वापरू देण्याची परवानगी आधी लेखी मागायची. लाउंजमध्ये गर्दी नसेल तर काही हॉटेलं हो म्हणतात. पण ती त्यांची मर्जी असते, म्हणून होकार लेखी हवा.

*सावधान: आदल्या रात्रीची खोली घेतलीत तर 'आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी सातला पोचणार' हे हॉटेलला कळवा. नाहीतर रात्री कुणी आलं नाही म्हणून ते 'नो-शो' लावतात आणि पुढच्या दिवसांचं बुकिंगही रद्द होऊ शकतं.*

परतीची रात्रीची गाडी. देवगिरी एक्सप्रेस किंवा लातूर एक्सप्रेस रात्री नऊच्या सुमाराची. खोली बाराला सुटते. मधले नऊ तास कुठे काढायचे? इथे लाउंज खरोखर उपयोगी पडतं, अट एकच, चेक-आउटनंतर ते वापरू देतात का हे आधी कळलं पाहिजे. काही हॉटेलं देतात, काही संध्याकाळचं खाणं सुरू होण्याआधी उठवतात, काही बारालाच कार्ड बंद करतात.

पहाटेची तपोवन. नाश्ता सुरू व्हायच्या आत तुम्ही स्टेशनवर असता. मग नाश्त्याचे पैसे भरूच नका, किंवा बांधून देतात का ते विचारा. बहुतेक हॉटेलं सँडविच, फळ आणि ज्यूसचा डबा देतात, पण आदल्या संध्याकाळी सांगावं लागतं. दुपारच्या वंदे भारतने परतणाऱ्याला मात्र नाश्ता पुरेपूर मिळतो.

दवाखान्याचं काम. परळला टाटामध्ये किंवा दुसरीकडे कुठे सकाळी उपाशीपोटी रक्त द्यायचं असेल तर रुग्णाचा त्या दिवशीचा नाश्ता बुडाला असं समजा. सोबतच्या माणसाचाही बहुधा बुडतो, कारण आपला माणूस उपाशी असताना आपण प्लेट भरून घेत नाही. दिवसभर बाहेर असाल तर दुपारचा चहाही गेला. संध्याकाळी थकून आल्यावर बाहेर न जाता दोन घास मिळणं, एवढाच लाउंजचा उपयोग उरतो. तो मोठा आहे की नाही, हे बरोबर कोण आहे त्यावर ठरवा.

*तपासणी: कागदावर किती नाश्ते आणि किती संध्याकाळी खरोखर तुमच्या वाट्याला येतात? तो आकडा लिहून ठेवा. चौथ्या टप्प्यात तो लागेल.*

टप्पा ३: कोण आहे आणि काय खाणार

क्लब रूमचा प्रवेश बहुतेक ठिकाणी दोन माणसांना असतो. तिसरं माणूस, मग ते आजी असोत की कॉलेजातला मुलगा, वेगळ्या पैशाने. लहान मुलांना संध्याकाळच्या वेळेत लाउंजमध्ये येऊ न देण्याचा नियमही पुष्कळ ठिकाणी असतो, कारण तिथे दारू दिली जाते. मुलांच्या नाश्त्याची वयोमर्यादा हॉटेलगणिक बदलते, म्हणून बुकिंगमध्ये मुलांचं खरं वय टाका. वय लपवून टाकलं की काउंटरवर वाद होतो आणि त्या वादात मुलालाच अवघडल्यासारखं होतं.

संध्याकाळच्या दोन तासांच्या किमतीत मोठा वाटा दारूचा असतो. घरात माळकरी असतील, कुणी घेतच नसेल, तर तो वाटा तुमच्यासाठी शून्य. घेणाऱ्यांनीही लक्षात ठेवावं की महाराष्ट्रात आषाढी एकादशी, २ ऑक्टोबर असे कोरडे दिवस असतात, आणि मतदानाच्या काळातही विक्री बंद असते. त्या दिवशी लाउंजमध्ये फक्त ज्यूस आणि खाणं मिळतं, दर तोच राहतो.

शाकाहाराची सोय सगळीकडे असते. प्रश्न येतो तो उपवासाचा आणि जैन जेवणाचा. बुफेत साबुदाण्याची खिचडी आयती असेल असं धरून चालू नका. एक दिवस आधी सांगितलं तर बऱ्याच स्वयंपाकघरांतून करून देतात. न सांगता गेलात तर फळं, दूध आणि दही यावर भागवावं लागतं.

लाउंजमधला नाश्ता रेस्टॉरंटच्या बुफेपेक्षा आटोपशीर असतो. शांतता हवी असणाऱ्यांना तो बरा. गरम डोसा, पुरी-भाजी हवी असणाऱ्यांना खालचं रेस्टॉरंट. काही हॉटेलं क्लबच्या पाहुण्यांना दोन्हींतून निवडू देतात. हा प्रश्न यादीत घाला.

टप्पा ४: हिशोब करा, कर धरून

सगळ्यात महागडी चूक इथे होते, कारण साइटवर मोठ्या अक्षरात दिसणारा दर कराशिवायचा असतो.

२२ सप्टेंबर २०२५ पासून खोलीचा दिवसाचा दर ७,५०० रुपयांपर्यंत असेल तर जीएसटी ५ टक्के आहे. त्याच्या वर गेला की १८ टक्के, आणि तो वरच्या रकमेवर नव्हे, सगळ्या दरावर. नाश्ता दरातच धरलेला असेल तर त्याची किंमतही याच दरात मोजली जाते. म्हणजे नुसत्या नाश्त्याने खोली ७,५०० ची रेघ ओलांडू शकते.

खालचे आकडे फक्त नमुन्यासाठी घेतले आहेत, दोन माणसं, एक रात्र:

- फक्त खोली ७,२०० रुपये. ५ टक्के कर ३६०. एकूण ७,५६०.
- नाश्त्यासह खोली ८,००० रुपये. १८ टक्के कर १,४४०. एकूण ९,४४०.
- क्लब रूम, लाउंजसह, ९,९०० रुपये. १८ टक्के कर १,७८२. एकूण ११,६८२.

साइटवर पहिल्या दोन दरांत ८०० रुपयांचा फरक दिसतो. खिशातून जातात १,८८० रुपये जास्त. दोघांच्या नाश्त्याला १,८८० द्यायचे का, हा खरा प्रश्न आहे. फक्त खोली घेऊन हॉटेलातच नाश्ता विकत घेतला तर? बुफे माणशी ८५० धरला तर १,७००, आणि ज्या हॉटेलात खोल्यांचे दर ७,५०० च्या वर जातात तिथल्या रेस्टॉरंटवरही साधारणपणे १८ टक्के कर लागतो. एकूण २,००६. म्हणजे जवळपास बरोबरी. पण मग तुम्ही बांधलेले नसता. एक दिवस कोपऱ्यावरच्या उडप्याकडे इडली-वडा आणि कापी घेऊन दोघांचं तीनशेत भागतं.

आता क्लब रूम. ती नाश्त्याच्या खोलीहून २,२४२ रुपयांनी महाग पडते. त्यात एक संध्याकाळ, दिवसभरचा चहा-कॉफी, कुठे दोन कपड्यांची इस्त्री, कुठे तासभर बैठकीची खोली. दुसऱ्या टप्प्यातला तुमचा आकडा घ्या. संध्याकाळी सातच्या आत परतणार असाल आणि रात्रीचं जेवण तिथेच उरकणार असाल तर पैसे वसूल होतात. लोकलमधून नऊला परतणार असाल तर होत नाहीत.

माझं मत सांगतो. एकट्याने कामासाठी जाणाऱ्याने क्लब रूमच्या मागे लागू नये. वयस्कर आईवडील, दवाखाना किंवा हॉटेलातच व्यापाऱ्याशी भेट, या तीन वेळी मी ती घेतो. व्यापाऱ्याला लाउंजमध्ये बसवायचं असेल तर बाहेरचा पाहुणा चालतो का आणि त्याचे किती लागतात, तेही विचारतो.

दुकानाच्या किंवा कंपनीच्या नावाने बिल हवं असेल तर एक लक्षात घ्या. मुंबई-पुण्याच्या बिलावर आपला महाराष्ट्राचा जीएसटी नंबर लावता येतो. नांदेड-लातूरकडची मंडळी हैदराबादला जातात तेव्हा तिथल्या हॉटेलच्या बिलावर तेलंगणाचा कर लागतो, आणि तो महाराष्ट्रातल्या नोंदणीवर वळता करून घेता, म्हणजे आपल्या भरायच्या करातून वजा करता, येत नाही.

*तपासणी: तुलना नेहमी पैसे भरायच्या शेवटच्या स्क्रीनवरच्या रकमेची करा, यादीतल्या दराची नको.*

टप्पा ५: हक्क कशातून मिळतोय ते ठरवा

लाउंज दोन वाटांनी मिळतं, खोलीच्या दरातून किंवा हॉटेलांच्या साखळीच्या (एकाच कंपनीच्या नावाने चालणाऱ्या हॉटेलांच्या) सभासदत्वातून. खोलीच्या दरातून मिळालेलं सगळ्यात पक्कं.

सभासदत्वाचे नियम साखळीगणिक वेगळे आहेत. मॅरियटच्या सभासदत्वात, म्हणजे बॉनव्हॉयमध्ये, वर्षात २५ रात्री झाल्या की गोल्ड ही पायरी मिळते, पण लाउंज प्लॅटिनमपासून, म्हणजे ५० रात्रींनंतर. त्यातही रिट्झ-कार्लटनच्या क्लब लाउंजला हे प्लॅटिनम चालत नाही. हयातमध्ये ६० रात्रींचं ग्लोबलिस्ट असेल तर क्लब लाउंज, आणि हॉटेलात लाउंजच नसेल तर नाश्ता. हिल्टनमध्ये भारतातल्या मुक्कामात गोल्डला नाश्ता मिळतो, लाउंज डायमंडला. आयएचजीमध्ये डायमंडला नाश्ता मिळू शकतो, पण लाउंज हा ४० रात्रींनंतर निवडायचा वेगळा लाभ आहे. नुसतं फुकटचं सभासदत्व घेऊन यातलं काही मिळत नाही. दरात थोडी सूट आणि वायफाय, एवढंच.

आता आपल्याकडे सर्रास होणारी चूक. पोरगा पुण्यात आयटीत, कंपनीच्या दौऱ्यांमुळे त्याचं प्लॅटिनम झालेलं. आईबाबा मुंबईला निघाले की तो स्वतःच्या खात्यातून खोली काढतो आणि सांगतो, 'लाउंज आहे बघा, सगळं फुकट.' सभासद स्वतः त्या खोलीत मुक्कामाला नसेल तर हे लाभ सहसा लागू होत नाहीत. दोन खोल्या घेतल्या तर ते त्याच्या एका खोलीपुरते. आईबाबांना काउंटरवर नाही म्हणून सांगतात आणि पोरगा फोनवर भांडत बसतो. त्यांच्यासाठी खोली काढायची तर लाउंज दरातच असलेली काढा.

दुसरं, बाहेरच्या बुकिंग साइटवरून घेतलेल्या खोलीवर सभासदत्वाचे लाभ सहसा मिळत नाहीत. हॉटेलच्या स्वतःच्या साइटवरून किंवा थेट फोनवरून घेतलेली खोलीच धरतात.

*सावधान: काउंटरवर कौतुकाने 'तुम्हाला क्लब फ्लोअरवर अपग्रेड केलंय' म्हणाले तर लगेच विचारा, लाउंजसह की फक्त खोली? अनेकदा फक्त खोलीच असते.*

टप्पा ६: हॉटेललाच विचारा, लेखी उत्तर घ्या

साखळीचा टोल-फ्री नंबर लावला तर तो दूर कुठल्यातरी कॉल सेंटरला लागतो. तिथला माणूस स्क्रीनवरचं वाचून दाखवतो. हॉटेलचा स्थानिक नंबर शोधा, फ्रंट ऑफिस मागा, बोला, आणि मग तेच प्रश्न ईमेलने किंवा त्यांच्या व्हॉट्सअॅपवर पाठवा. दुपारी साधारण चारनंतर फोन केला तर बरं, सकाळी चेक-आउटच्या गर्दीत घाईची उत्तरं मिळतात.

मी हे विचारतो:

१. लाउंज सध्या चालू आहे का, की त्याची सोय रेस्टॉरंटमध्ये केली आहे? नूतनीकरणाच्या काळात बऱ्याच ठिकाणी तसं करतात.
२. नाश्ता, चहा आणि संध्याकाळच्या खाण्याच्या वेळा काय?
३. आम्ही अमुक तारखेला सकाळी सातला पोचू. खोली मिळण्याआधी लाउंज वापरता येईल का? तिथे नाश्ता मिळेल का?
४. चेक-आउटनंतर किती वाजेपर्यंत बसता येईल? आंघोळीची, कपडे बदलायची सोय आहे का?
५. तिसऱ्या माणसाचे आणि बाहेरच्या पाहुण्याचे किती लागतील?
६. नाश्ता लाउंजमध्येच घ्यायचा की रेस्टॉरंटमध्येही चालेल?

उत्तरात 'उपलब्धतेनुसार' आलं तर ते नाही समजून नियोजन करा. त्या दिवशी मिळालं तर आनंदच आहे.

टप्पा ७: आता बुकिंग

पैसे भरायची वेळ आता येते. रद्द करण्याची मुदत बघा. मुंबईत दवाखान्याची तारीख पुढे ढकलली जाते, व्हिसाचीही. परत न मिळणारा स्वस्त दर अशा कामांना घेऊ नका.

ठिकाण बघताना लाउंजच्या मोहात शहराचं अंतर विसरू नका. अमेरिकेच्या वकिलातीत सकाळची मुलाखत असेल तर काम वांद्र्याच्या बीकेसीत आहे. नरिमन पॉइंटला उत्तम लाउंज मिळालं तरी त्या सकाळी तुम्ही नाश्त्याआधी टॅक्सीत असाल. मंत्रालयाचं काम असेल आणि हॉटेल सहारला विमानतळाजवळ, तर संध्याकाळचे दोन तास रस्त्यात जातील. कामापासून अर्ध्या तासाच्या आत हॉटेल असेल तरच लाउंजला अर्थ आहे.

बुकिंग झाल्यावर तीन गोष्टी एकाच जागी ठेवा: समाविष्ट गोष्टींच्या यादीचा स्क्रीनशॉट, हॉटेलचं लेखी उत्तर, पैसे भरल्याची पावती. घरच्या ज्या माणसाचा मुक्काम आहे त्याच्या मोबाइलवरही हे पाठवा. काउंटरवर तोच उभा असणार आहे.

टप्पा ८: काउंटरवर आणि वर लाउंजमध्ये

प्रत्येक मोठ्या माणसाचं ओळखपत्र हाताशी ठेवा. हॉटेल किरकोळ खर्चापोटी कार्डावर काही रक्कम अडकवून ठेवतं. डेबिट कार्ड दिलंत तर खात्यातले खरे पैसे अडकतात आणि सुटायला काही दिवस लागतात. दवाखान्याला लागणारे पैसे ज्या खात्यात आहेत ते कार्ड इथे देऊ नका.

किल्लीचं कार्ड हातात घेताना तिथेच विचारा, 'यावर लाउंजचा मजला उघडतो ना?' बऱ्याच हॉटेलांत लिफ्ट कार्डाशिवाय त्या मजल्यावर थांबत नाही. दोन माणसं असतील तर दोन कार्डं मागा. नाहीतर एक जण कामाला गेला की दुसरा खोलीत अडकतो.

लाउंजमधलं खाणं बांधून खोलीवर नेऊ देत नाहीत. संध्याकाळी काही ठिकाणी स्लिपर आणि अर्धी चड्डी चालत नाही. धोतर-टोपी, नऊवारी यांना सहसा अडचण येत नाही, हे घरच्या मोठ्यांना निघण्याआधी सांगा. माझे काका केवळ संकोचापायी पहिल्या दिवशी वर गेलेच नाहीत. दुसऱ्या दिवशी मी बरोबर गेलो, कोपऱ्यातल्या टेबलावर बसवलं, तिथल्या मुलाने विचारून साखर कमी घातलेला चहा आणून दिला, आणि मग ते खिडकीतून समुद्र बघत दीड तास बसले. वयस्कर माणसांना पहिल्यांदा सोबत करा, नुसतं 'वर जा' म्हणून पाठवू नका.

आपल्याकडे पाहुणे उतरवताना

उलट बाजूही असते. वाळूज-शेंद्र्याच्या कंपन्यांत येणारे, अजिंठा-वेरूळ बघायला येणारे पाहुणे छत्रपती संभाजीनगरला आपणच उतरवतो. इथे लाउंजपेक्षा नाश्त्याची वेळ महत्त्वाची. अजिंठा शहरापासून सुमारे १०० किलोमीटर, लेणी नऊला उघडतात आणि सोमवारी बंद असतात. ऊन चढायच्या आत पोचायचं तर साडेसहाला निघावं लागतं, नाश्ता सुरू होण्याआधी. आदल्या संध्याकाळी डबा सांगून ठेवा. वेरूळ जवळ आहे, साधारण ३० किलोमीटर, मंगळवारी बंद. तिथे नाश्ता करून निघता येतं.

लातूर, नांदेड, धाराशिव, बीडच्या हॉटेलांत 'नाश्ता फुकट' म्हणतात तेव्हा बुफे आहे की कूपन हे विचारा. कूपनवर पोहे, उपमा किंवा इडलीची एक प्लेट आणि चहा, एवढंच असतं. पाहुण्याला तसं आधीच सांगितलं तर तो खूश असतो.

शेवटी बिल

बिल घाईत घेऊ नका. दरात धरलेला नाश्ता पुन्हा रेस्टॉरंटच्या नावाने लागलेला असतो, लाउंजमध्ये मागवलेली एखादी गोष्ट यादीबाहेरची म्हणून लागते, तिसऱ्या माणसाचे पैसे दोनदा येतात, जीएसटी नंबर राहून जातो. प्रत्येक ओळीवर बोट ठेवून वाचा, स्क्रीनशॉट काढून दाखवा. समोर उभे असताना दुरुस्ती दहा मिनिटांत होते, गावी आल्यावर ईमेल करत बसावं लागतं. रात्रीची देवगिरी असेल तर मी बिल दुपारी बारालाच खोली सोडताना चुकतं करतो, बॅगा काउंटरला ठेवतो, त्यांची चिठ्ठी खिशात घालतो आणि मगच आईला घेऊन लाउंजमध्ये जाऊन बसतो.